मागायला येणाऱ्या बाई

बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या चिमूटभर हिंग मागायला.

माझ्या मालकांची तेरवी होऊन गेली होती. पाहुणे पांगले होते. मालक फौजेत होते. डोंगरात त्यांची गाडी दरीत कोसळली, आणि काही दिवसांनी त्यांची सामानाची काळी पेटी घरी आली. पेटी भिंतीला लागून ठेवली होती. मी तिच्याजवळ बसून राहायची, सासूबाई समोरच्या भिंतीला टेकून. कामठीचं ऊन खिडकीतून आत यायचं, पेटीवरून सरकत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघून जायचं. दिवस म्हणजे तेवढंच होतं. जे कोणी भेटायला यायचे ते काहीतरी घेऊन यायचे. केळी, साखर, एखादी शाल. ठेवायचे, डोळे पुसायचे आणि लवकर निघायचे.

त्या दिवशी दारात एक उंच म्हातारी बाई उभी राहिली. अंगावर नीट नेसलेलं पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. छत्री उलटी धरलेली, आणि तिच्यात लिंबं.

"हिंग आहे का वं घरात? वरण शिजून राहिलं, अन् डबी पाहते त रिकामी."

मी उठले. कोण, कुठली, विचारायचंही सुचलं नाही. हिंग मागितला म्हणून उठले. वरच्या फळीवर हात फिरवला, डबी सापडली, एका वाटीत थोडा हिंग काढून दिला. बाईंनी वास घेतला.

"चांगला आहे," म्हणाल्या, आणि गेल्या. मालकांचं नाव नाही, हाय नाही, हळहळ नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्यानं गव्हाचं एक पोतं दारात आणून उभं केलं. पोत्याच्या तोंडाशी आमची वाटी बसवली होती. मागून बाई आल्या.

"वाटी रिकामी कशी आणू? म्हणून खाली थोडे गहू टाकले."

ते थोडे गहू माझ्या कमरेपर्यंत येत होते. सासूबाईंनी पोत्याकडे पाहिलं, त्या एवढ्याशा वाटीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतात. पाहते तर हसत होत्या.

बाईंचं सगळं काम असंच चालायचं. कामठी, कन्हान आणि नागपुरात सक्करदऱ्यापर्यंत जिथं जिथं फौजेतल्या माणसाचं घर अडचणीत असेल तिथं बाई जायच्या आणि काहीतरी मागायच्या. कुणाचा माणूस गेलेला, कुणाचा हातपाय गमावून घरी आलेला, कुणाची पेन्शन कागदात अडकलेली. बाई सुई मागायच्या, कढीपत्ता मागायच्या, दह्याला विरजण मागायच्या. मुद्दाम रिकाम्या हातानं जायच्या, म्हणजे त्या घरच्याच भांड्यात घ्यावं लागायचं. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. चार दाणे साखरेचे का होईना, टाकतोच. बाईंनी तेवढं एक धरून ठेवलं होतं. वाटी परत जायची ती तांदूळ, डाळ, तेल, कधी पोरांचे स्वेटर, कधी सिलेंडर घेऊन.

ज्यांना माहीत नव्हतं ते बाईंना नावं ठेवायचे. विधवेच्या दारात जाऊन मीठ मागते, काही लाज आहे का, असं मी स्वतः बसमध्ये ऐकलं आहे. बाई शेजारीच बसल्या होत्या.

"हाव ना," त्या म्हणाल्या, "गजब मागणारी आहे ते बाई. माह्याकडून त ताटली घेऊन गेली."

बाईंच्या मालकांचं छावणीच्या बाजारात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. फौजेत जाणारा प्रत्येक पोरगा तिथून काळी पेटी घ्यायचा. मालक पेटी बनवायचे आणि बाई तिच्यावर रंगानं नाव लिहायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तेच काम केलं. पुढं मालक गेले, आणि नवीन पोरं चाकाच्या बॅगा घेऊन जायला लागली. न विकलेल्या पेट्यांत बाईंनी धान्य भरलं. हीच आमची संस्था. दुकानाला पाटी नव्हती. संस्थेचं नाव लिहा म्हणून लोक सांगायचे तेव्हा बाई म्हणायच्या, "लय लिहिलं आता. हात दुखते."

आमच्या घरी तिसऱ्या खेपेला आल्या तेव्हा बाई पेटीजवळ वाकल्या आणि माझ्या मालकांच्या नावावरून बोट फिरवलं. "हे पिवळ्यानं लिहिलं मी. पांढरा रंग संपला होता त्या दिवशी. तुह्या नवऱ्यानं कटकट केली नाही. दुसरा असता त भांडला असता." सगळ्यांच्या पेट्यांवर पांढरी नावं असतात. ह्यांची पिवळी का, हे मी लग्न झाल्यापासून मनात विचारत होते. त्यांना कधी विचारलं नाही. मला कुणालाच काही विचारता यायचं नाही.

तेव्हाच बाई म्हणाल्या, "उद्यापासून येत जा. गहू निवडायले कोणी नाही." तेही मागणंच होतं. मी जायला लागले.

दुपारी त्या दुकानात फार छान वाटायचं. पत्र्याचा आणि जुन्या रंगाचा वास यायचा. दारातून उजेडाचा एक पट्टा आत यायचा, आणि आम्ही सुपात गहू पाखडले की त्या पट्ट्यात भुसा तरंगत राहायचा. लांबून छावणीतलं बिगुल ऐकू यायचं. बाई एका पेटीवर बसून, पाठ ताठ ठेवून झोपायच्या. झोपेत त्यांचं बोट मांडीवर चालायचं, एकेक नाव लिहीत असल्यासारखं. आम्ही तेव्हा हळू बोलायचो. झोपेत कुणाचं नाव लिहितात ते कधी कळलं नाही. पण मला डुलकी लागली की मला वाटायचं, ओळीनं पेट्या चालल्या आहेत, धूळ न उडवता, आणि प्रत्येकीवर एक पिवळं नाव आहे.

बाई धान्य आणायच्या नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून. चंदा हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. "दोन पोते उसने द्या," असं म्हणायच्या.

एक शेठ एकदा हसून म्हणाले, "बाई, उसने म्हणता, पण गहू तर कधी परत आले नाहीत."

"पोतं त आलं ना परत?"

पोतं खरंच परत जायचं, आणि रिकामं नाही. त्यात चिंच असायची, लिंबं असायची, हिवाळ्यात जुडी जुडी सांबार, म्हणजे कोथिंबीर. ती बायकांनीच अंगणात लावलेली असायची. शेठ रागावलेले कधी दिसले नाहीत. एकदा तर त्यांनी निरोप पाठवला की औंदा चिंच आली नाही, बाई बऱ्या आहेत ना.

बाईंना स्वप्नं पडायची आणि त्या स्वप्नांप्रमाणे निघायच्या. सकाळी दुकानात येऊन सांगायच्या, "आज एक घर दिसलं. चूल होती, पण मांजर बसली होती चुलीत." मग आम्ही विचार करायचो की असं घर कुठं असेल, आणि बाई नेमक्या तिथं जाऊन पोचायच्या. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. मग मी त्यांच्यासोबत कन्हानच्या बसनं जायला लागले तेव्हा समजलं. बाई खिडकीशी बसायच्या, डोळे मिटायच्या आणि पूर्ण रस्ता डुलत जायच्या. पुढच्या सीटवर बायका बोलत असायच्या की अमक्या शिपायाची बायको काल उपाशी झोपली. ते सगळं बाईंच्या झोपेत शिरायचं आणि स्वप्न होऊन बाहेर यायचं. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. आणि खरं म्हणजे मलाही ती स्वप्नंच बरी वाटायची.

एकदा छावणीतल्या एका मोठ्या साहेबांच्या मिसेस मदतीला आल्या. पंजाबकडच्या, गोऱ्यापान, फार मनानं चांगल्या. त्या दिवशी बाई नागपूरला गेल्या होत्या. दुकानात घरोघरच्या वाट्या, ताटल्या, गडवे भरून परत जायची वाट पाहत होते. मॅडमनी बाह्या वर केल्या, सगळी भांडी राखेनं घासली, आरशासारखी केली आणि जीपमधून ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. रिकामी.

बाई आल्या तेव्हा मॅडम खुशीत होत्या. "माँजी, मैंने सब चमका के भेज दिये!"

तेवढ्यात एक बाई दारात आली. मग दुसरी. मग रांगच लागली. कुणाच्या डोळ्यात पाणी, कुणी रागानं लाल.

"बाई, आमचं काही चुकलं का?"

"रिकामी वाटी पाठवली तुम्ही? असं काय बोललो होतो आम्ही?"

मॅडमला काही समजेना. समजलं तेव्हा डोक्याला हात लावून खाली बसल्या. बाई म्हणाल्या, "अब एक ही इलाज है. सबके घर जाओ और एक एक कांदा माँगो." मॅडम गेल्या. छावणीतली बाई, गाडीतून उतरून एकेका दारात कांदा मागते आहे, हे पाहायला पोरं मागं फिरत होती. संध्याकाळपर्यंत इतके कांदे जमले की जीपमध्ये मॅडमला पाय ठेवायला जागा नव्हती. नंतर त्यांची बदली झाली, पण मला वाटतं, जिथं असतील तिथं त्या वाटी रिकामी परत करत नसतील.

दुकानात माझ्याशिवाय सुभेदारीण काकू असायच्या. त्यांचे मालक सुभेदार होते आणि लढाईत गेले होते. त्या सक्करदऱ्याहून रोज यायच्या. आवाज असा की रस्त्यावरचा ऑटो थांबायचा. पहिल्याच दिवशी मला पाहून म्हणाल्या, "हिले देवानं तोंड दिलं, पण चालू करायचं विसरला." मी मान खाली घालून गहू निवडत राहिले. बाई म्हणाल्या, "राहू दे वं, तुह्यात त बंद करायचं विसरला." मग दोघी भांडल्या आणि एकाच डब्यातून जेवल्या.

बाई आता नाहीत. मागच्या थंडीत गेल्या, पेटीवर बसूनच, दुपारी. झोपल्या आहेत असं समजून आम्ही बराच वेळ हळू बोलत होतो.

त्यांच्याबद्दल लोक बोलतात तेव्हा सगळे गव्हाचं पोतं सांगतात, कांदे सांगतात. कन्हानच्या घराचं कुणी फारसं सांगत नाही. ते मी लिहून ठेवते.

एका सकाळी बाई म्हणाल्या, "आज सपनात एक घर आलं. दार आतून बंद, अन् बाहेर अंगणात कोणी सडासुद्धा टाकला नाही."

ते घर सगळ्यांना माहीत होतं. नदीकडच्या वस्तीत होतं. तिथला पोरगा शिपाई होता. सुट्टीवर आला, सुट्टी संपल्यावर बॅग घेऊन निघाला आणि पलटणीत पोचलाच नाही. मरण पावला नव्हता, पळाला होता. घरी त्याची बायको रंजना, लहान पोरगी आणि अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली म्हातारी आई. पगार बंद झाला. पोलीस विचारायला येऊन गेले. त्या वस्तीत फौजेतली घरं पुष्कळ. त्यांनी त्या घरचं पाणी पिणं सोडलं. हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. आता रंजनाचा भाऊ तिला न्यायला येणार होता. म्हातारीला कुण्या नातलगाकडे टाकायचं आणि घराला कुलूप लावायचं, असं ठरल्याचं बसमध्ये बोलत होते.

"भगोड्याचं घर आहे ते, बाई," सुभेदारीण काकू म्हणाल्या. "तिथं नाही जायचं."

"काहून?"

"काहून म्हणजे? माह्या मालकाची पेटी घरी आली, मालक नाही आले. हिची बी तशीच आली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अन् जो जीव वाचवून पळाला त्याच्या घरी आमच्या हातानं निवडलेले गहू? मी नाही निवडत."

काकूंनी सूप खाली ठेवलं. बाकीच्या बायकांनीही ठेवलं. मीही ठेवलं. माझ्या मनात काकूंपेक्षा वेगळं काही नव्हतं.

बाई कुणाला रागावल्या नाहीत. त्या छत्रीतली लिंबं निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "घराले कुलूप लागलं त तो पोट्टा परत कुठं येईन वं? धरून नेलं त वेगळं, आपल्या पायानं हजर व्हायले गेला त वेगळं. पण जायच्या आधी कुठं त यावं लागते ना."

त्या एकट्याच गेल्या आणि दुपारी परत आल्या. दार उघडलं नव्हतं. रंजना आतूनच बोलली होती, "तुम्ही कायले मागता ते साऱ्याइले माहीत आहे. मले भीक नको, अन् भिकेचं सोंग बी नको."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हाताऱ्या दिसल्या. बूट काढून पाय चोळत बसल्या. "खरं बोलली पोरगी," म्हणाल्या. "माहं सोंग सारं गाव ओळखते. आता मले कोणाच्याच दारात जाता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू जा."

"मी?"

"त्या वस्तीत तुले कोणी ओळखत नाही. विरजण माग."

"मले मागता येत नाही, बाई."

"म्हणून त पाठवून राहिली."

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून गेले असेन. मे महिना होता. बसमधून उतरून नदीकडे चालत गेले. रस्त्यावर माणूस नाही, झाडाचं पान हलत नाही. पांढऱ्या उन्हात घरं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मी तोंडातल्या तोंडात घोकत होते, विरजण आहे का, विरजण आहे का. दाराशी पोचले आणि सगळं विसरले. कडी वाजवायला हात उचलला, तो तसाच राहिला. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग डोळ्यापुढं हिरवं निळं झालं आणि मी पायरीवर बसले. बसले म्हणजे पडलेच.

दार उघडलं. एक हडकुळी पोरगी वाकून माझ्याकडे पाहत होती. कडेवर मुलगी.

"काय झालं? कोण तुम्ही?"

"पाणी," मी म्हणाले.

तेवढंच निघालं. तिनं पाणी आणलं. माठातलं गार पाणी, स्टीलच्या ग्लासात. मी गटागट प्याले. आणखी मागितलं, तेही प्याले. रंजना माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, जसं काही मी पाणी पिण्यापेक्षा दुसरंच काही करते आहे.

"उन्हात काहून फिरता?" तिनं विचारलं. "घरी कोणी नाही का? मालक कुठं आहेत?"

"गेले. फौजेत होते."

ती एक पाऊल मागं सरकली. "अन् तुम्ही माह्या घरचं पाणी पेल्या?"

आतून म्हातारीनं काहीतरी विचारलं. शब्द समजत नव्हते, अर्धं तोंड चालत नव्हतं. रंजना आत तोंड करून म्हणाली, "कोणी नाही, माय. एक बाई पाणी पेऊन राहिली." मी तशीच उठले आणि चालायला लागले. काय बोलावं ते कळेना. बसमध्ये बसल्यावर पाहिलं तर ग्लास माझ्या हातातच होता.

दुकानात येऊन मी ग्लास बाईंपुढं ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. बाईंनी ग्लास उचलून पाहिला. त्यांचं तोंड लहान पोरीसारखं उजळलं.

"चोरी केली वं तू! इतकी वर्षं मागून राहिली मी, माह्या डोक्यात हे आलंच नाही!"

मग त्यांनी तो ग्लास दुकानाच्या मधोमध एका पेटीवर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन डोळे मिटले. कुणाला काही सांगितलं नाही. रिकामा ग्लास उजेडाच्या पट्ट्यात बसला होता. बायका येता जाता त्याच्याकडे पाहायच्या आणि मान वळवायच्या. कुणी हात लावेना. पट्टा सरकला, ग्लास सावलीत गेला. सुभेदारीण काकूंचं सूप चाललं होतं, पण गहू आणि खडे सगळे एकात जात होते.

"हा इथून हलवा ना कोणी," त्या ओरडल्या. "दुसऱ्याच्या घरचं भांडं असं रिकामं ठेवतात का?"

बाई झोपेतच म्हणाल्या, "असंच पाठवू. भगोड्याच्या घरचा आहे."

"ग्लास थोडीच पळाला होता!" काकू उठल्या. "माह्या हातून आजवर कोणाचं भांडं रिकामं गेलं नाही. माह्या सासूनं वरून पाहिलं त काय म्हणन?" त्यांनी आपल्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, ग्लासात टाकला. मूठभर शेंगदाणे टाकले. मग थांबल्या. "लहान पोट्टी आहे ना त्या घरी? गुळानं काय होते!" आणि रागारागानं तांदळाची पेटी उघडली.

संध्याकाळी काकू स्वतः ऑटोत बसल्या. मांडीवर ग्लास, पायाशी तांदूळ, मागं मी. रंजनानं दार उघडलं तेव्हा काकू तिच्यावरच डाफरल्या, "ग्लास सांभाळता येत नाही का वं तुले? कोणीबी घेऊन जाते!" आणि आत शिरून म्हातारीच्या खाटेवर बसल्या. रंजनाचा भाऊ आला होता. तो दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. घराला कुलूप लागलं नाही.

तो पोरगा हिवाळ्यात आला. रायपूरकडे कुठल्याशा ढाब्यावर भांडी घासत होता. कुणाच्या तरी मोबाईलवरून त्यानं घरी फोन केला, आणि रंजना म्हणाली होती, घर उघडं आहे. आला तो दाढी वाढलेला, बोलत नाही, खात नाही. हजर व्हायला दोनदा निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आला. पुढं त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली, फौज सुटली, आणि आता तो कन्हानच्या बाजारात भाजी विकतो. पण ते नंतरचं. त्या सकाळी, तो तिसऱ्यांदा निघाला तेव्हा, आम्ही चौघं छावणीच्या गेटकडे चाललो होतो. तो, रंजना, बाई आणि मी.

धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूचे कडुनिंब धुक्यात अर्धे होते. आत कुठं तरी परेड चालली होती, दिसत काही नव्हतं, फक्त पावलांचा आवाज यायचा आणि विरून जायचा. गेट दिसायला लागलं तसा तो थांबला.

बाईंनी आपलं सुरू केलं. "रुमाल आहे का रे? चष्मा पुसायचा." त्यानं रुमाल दिला. "कंगवा आहे का?" त्यानं कंगवा दिला. "काडीपेटी?" तीही दिली. बाई मागत गेल्या, तो देत गेला. खिसे रिकामे झाले, पण पाय हलले नाहीत. बाईंचे हात भरले होते आणि त्यांना पुढं काय मागावं ते सुचत नव्हतं.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हे रंजनानं त्याला सांगितलं असावं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचे मालक कधी भ्याले नसतील."

मी आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट तेव्हा बोलले. "दर खेपेला उलटी व्हायची त्यांना. सुट्टी संपली की सकाळी मोरीत जायचे अन् उलटी करायचे. मी पाणी ओतायची. आईले सांगू नको म्हणायचे. मी नाही सांगितलं."

धुक्यातली पावलं थांबली होती.

"मग पेटी कशी उचलायचे?"

"पेटीले दोन कड्या असतात," मी म्हणाले. "एक मी धरायची. दारापर्यंत."

मग रंजना पुढं झाली. त्याच्या खांद्यावर पेटी नव्हती, कापडी पिशवी होती. तिनं पिशवीचा एक बंद त्याच्या खांद्यावरून उतरवून आपल्या हातात घेतला. दुसरा त्याच्या हातात राहिला. पिशवी दोघांच्या मधे लोंबत होती, आणि ते दोघं चालायला लागले. गेटवरच्या जवानानं हात आडवा करून तिला थांबवलं. तिनं बंद सोडला. तो आत गेला. जवान त्याला काही विचारत होता, तो ताठ उभा राहून सांगत होता, आणि मग धुक्यात दोघंही दिसेनासे झाले.

रंजना परत आली तेव्हा तिची मूठ तशीच मिटलेली होती. बाईंनी हातातलं सगळं माझ्या ओंजळीत दिलं, तिच्या मुठीवर आपला हात ठेवला, आणि आम्ही तिघी बसची वाट पाहत उभ्या राहिलो.